माहेरी गेलेली हिमनदी

वैदेही,

तुझं नाव कोणत्या फोटोखाली छापायचं, यावरून गेला आठवडाभर मी सगळ्यांशी भांडले. कॉनरशी भांडले, घरातल्या मुलींशी भांडले, प्रिंटिंगच्या दुकानातल्या माणसाशी तर विनाकारण भांडले. जिच्याशी खरं भांडण होतं ती मात्र भांडायला उरली नाही. म्हणून हे लिहिते आहे. तेही एका जागी बसून होत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, किनाऱ्यापर्यंत चालत जाते, पोर्ट केंबलाच्या पोलादाच्या भट्ट्यांवरचा धूर बघते, परत येते. तू गेलीस त्या वळणावरून जात नाही. सायकल, वळण, ट्रक. त्याबद्दल पोलिसांनी लिहायचं ते लिहिलं. मी लिहिणार नाही.

मला तू आठवतेस ती स्वयंपाकघरातल्या त्या डुगडुगत्या टेबलाशी. आपल्या त्या भाड्याच्या घरात राहायला आले त्या दिवशी बॅग हातात घेऊन मी दारात उभी होते आणि तू लॅपटॉपवर करड्या रंगाचं काहीतरी बघत होतीस. मला वाटलं कुणाचा तरी एक्स-रे आहे. विचारलं, "कुणाचा?" तू मान न उचलता म्हणालीस, "ग्रीनलँडचा. पाय पुसून ये."

ते वर्ष कसं होतं ते तुला सांगायला नको, पण आता हे दुसरेही वाचतील. विमानामागून विमान विद्यार्थी उतरत होते. युनिव्हर्सिटीला फी हवी होती, एजंटांना कमिशन, हॉटेलवाल्यांना रोख पैशात राबणारे हात. राहायला जागा मात्र कुणीच बांधली नव्हती. इथे वॉलॉंगॉंगमध्ये हॉलला पडदा लावून त्याच्या खोल्या केलेल्या होत्या आणि त्या पडद्यामागे आपल्याच गावची पोरं आळीपाळीने झोपत होती. मी पहिल्या आठवड्यातच पत्रक लिहायला घेतलं होतं. दुसरं मला येतंच काय? बाबा पिंपरीच्या कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटायचे आणि घरी घड्या घालायला मी. वाचायला शिकले तीच मुळी 'कामगार बंधू-भगिनींनो' वर.

आणि तू? तू बर्फाच्या कडेला रेषा काढत होतीस.

"इथे माणसं पडद्यामागे राहताहेत आणि तू ग्रीनलँडमध्ये," मी म्हणाले होते.

"हो," तू म्हणालीस. "तुझा पडदा किती फुटांवर लावलाय?"

"म्हणजे?"

"हॉल केवढा, पडदा कुठे, खिडकी कोणाच्या वाट्याला. पत्रकात लिहिलंयस 'जनावरांसारखे कोंबले आहेत'. ते वाचून घरमालक म्हणेल, उगाच बोंबलतायत. नकाशा काढ ना, पुढारीणबाई."

पुढारीणबाई. त्या दिवसापासून तेच नाव. मला राग यायचा आणि मी ओ द्यायचे.

पुढच्या रविवारी मोजमापाची टेप घेऊन तूच माझ्याबरोबर तसल्या एका पडद्याच्या घरात आलीस. गुडघ्यांवर बसून मापं घेतलीस. हॉलचा नकाशा काढलास, गाद्या चौकोनांनी दाखवल्यास, आणि खिडकी एकाही गादीच्या वाट्याला येत नाही हे कुठलंही विशेषण न लावता दिसलं. त्या पत्रकापाशी लोक थांबले. माझ्या शब्दांपाशी नाही, तुझ्या चौकोनांपाशी. हे मला तेव्हाच दिसलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू हसली असतीस, आणि तुझं ते हसू मला परवडणारं नव्हतं.

तुझं काम समजून घ्यायला मला त्यानंतर बरेच महिने लागले. तू कंटाळत नव्हतीस. पोळ्या लाटता लाटता शिकवायचीस. मध्ये बर्फाचं मोठं पठार, कडेने डोंगर, डोंगरांच्या फटीतून समुद्राकडे उतरणारा बर्फ. दगडासारखा दिसतो पण वाहतो. वरच्या अंगाला दोन प्रवाह येऊन मिळतात, तरी एकमेकांत मिसळत नाहीत. दोघांच्या काठावरचा दगडगोटा मधोमध एकत्र येतो आणि त्याची काळी रेघ थेट समुद्रापर्यंत जाते. शेवटी फियोर्ड. ती अरुंद, खोल दरी त्या हिमनदीनेच कोरलेली, ती लांब होती त्या काळात. आता तिथे समुद्र शिरला आहे. "स्वतः बांधलेल्या घरातून एकेक खोली सोडत मागे चालली आहे," असं तू म्हणायचीस.

आणि मग रेषा. हिमनदी जिथे संपते आणि पाणी सुरू होतं तिथे माऊसने एकेक टिंब देत जायचं, उपग्रहाच्या फोटोमागून फोटो, वर्षामागून वर्ष. मला वाटायचं त्यात काय आहे, कड तर दिसतेच. तू मला बसवलंस. कड दिसत नव्हती. हिमनदीच्या तोंडाशी तुटलेल्या हिमनगांचा चुरा साचतो, थंडीत तो गोठतो, आणि मग खरा बर्फ कुठला आणि अडकलेला चुरा कुठला हे कळेनासं होतं. तू पोळपाटाकडे बोट दाखवलंस. "पोळी कुठे संपते आणि पिठी कुठे सुरू होते, सांग." मी बोट ठेवलं. चूक. पुन्हा ठेवलं. चूक. बाजूला भाजी ढवळणारी सिमरन वैतागून म्हणाली, "अरे, इन दोनों की शादी करा दो कोई, रोटी जल रही है!"

पोळी खरंच जळली होती. तू ती मलाच वाढलीस.

माहेरची गोष्ट त्याच टेबलावरची. मी विचारलं होतं, मग ही दर वर्षी मागेच जाते का. तू म्हणालीस, नाही गं, हिवाळ्यात पुढे येते. समोरचं सगळं गोठलेलं असतं, तुकडे पडत नाहीत, ती सरकत सरकत पुढे येते. तिकडे मे महिन्याच्या सुरुवातीला ती सगळ्यात पुढे असते. मग ऊन लागतं, चुरा वाहून जातो, तुकडे कोसळायला लागतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत ती बरीच मागे गेलेली असते. "बाई उन्हाळ्याची माहेरी जाते," तू म्हणालीस. "थंडी पडली की येते परत. ती माहेरी गेली याची बातमी नाही होत. परत येताना दर वर्षी थोडी अलीकडेच थांबते, ती बातमी आहे."

मी ऐकलं होतं. शपथ, ऐकलं होतं. पण माझ्या डोक्यात मे म्हणजे आंबे, सुट्टी, गच्चीवर टाकलेली गादी. आणि माझ्याबरोबर पोस्टरं करणारा कॉनर इथला, याच किनाऱ्यावर वाढलेला. त्याच्या डोक्यात ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, जाकीट. बोटींत कोळसा भरतात त्या धक्क्यावरच्या निदर्शनांसाठी आम्ही पोस्टर केलं, तेव्हा तू दिलेल्या फोटोंतून मी एक जुना मे महिन्याचा उचलला, एक गेल्या ऑगस्टचा. वर लिहिलं, 'तेव्हा: भर उन्हाळ्यातसुद्धा एवढा बर्फ.' कॉनरने दुसऱ्या फोटोवरची तारीख बघितली आणि त्याचे डोळे चमकले. "ऑगस्ट? हा तर विंटर, मेट! मग तर आणखी भारी." आणि त्याने खाली लिहिलं, 'आता: हिवाळ्यातसुद्धा एवढाच.'

दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

युनिच्या जिन्यात लावलेलं ते पोस्टर बघून तू पायरीवर बसलीस आणि पोट धरून हसलीस. येणारेजाणारे बघत होते. "अगं, मे तुझा पुण्याचा, ऑगस्ट त्याचा वॉलॉंगॉंगचा, आणि बर्फ बिचारा तिसरीकडचाच!" हसता हसता डोळे पुसलेस. मग उठलीस आणि पोस्टर काढायला लागलीस. कोपऱ्यापासून, न फाडता.

तेव्हा सुरू झालेला वाद संपला नाही, वैदेही. तो आजही संपलेला नाही, आणि तू गेलीस म्हणून तो संपला असं मी म्हणणार नाही.

मी म्हणाले होते, ठीक आहे, वरची ओळ काढू, खालची काढू. महिने काढून टाकू. नुसते दोन फोटो ठेवू. फोटो खरे आहेत की नाहीत?

"दोन्ही खरे आहेत," तू म्हणालीस. "शेजारी ठेवलेस की खोटे."

"बर्फ कमी होतोय हे खोटं आहे?"

"नाही."

"कोळशामुळे होतोय हे खोटं आहे?"

"नाही. म्हणून तर. खऱ्याला मेकअप कशाला करतेस?"

मग तू एकाच महिन्याचे दोन फोटो शोधून काढलेस. ऑगस्ट आणि ऑगस्ट, मध्ये बरीच वर्षं. मी बघितले आणि कपाळावर हात मारला. फरक करंगळीच्या नखाएवढा. तू सांगत राहिलीस की फरक लहान का आहे ते समजून घे. फियोर्डच्या तळाशी खडकाचा एक उंबरा आहे आणि हिमनदी त्या उंबऱ्यावर टेकून बसली आहे. म्हणून ती फारशी मागे सरकलेली दिसत नाही. पण तिची जाडी उतरते आहे. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर बघ, टाकीतलं पाणी खाली गेल्यावर भिंतीवर पट्टा राहतो तसा फिका पट्टा. खालून समुद्राचं खारं पाणी येतं. ते वरच्या पाण्यापेक्षा गरम असतं, पण मीठ असल्यामुळे जड, म्हणून तळाशी. ते तिला पायाकडून खातं आहे. आणि उंबऱ्याच्या मागे जमीन वर चढत नाही, खाली उतरते. एकदा ती उंबऱ्यावरून सुटली की मागे टेकायला काही नाही.

"हे सगळं पोस्टरवर कुठे लिहू?" मी ओरडले होते. "शिफ्ट सुटलेला माणूस गेटवर किती वेळ देतो माहितीये? चालता चालता एक नजर टाकतो. त्या एका नजरेत त्याला उंबरा दाखवू?"

"त्या नजरेत त्याला फसवलंस तर पुढच्या वेळी तो नजर पण टाकणार नाही."

"तुला गेट माहीत नाही, वैदेही."

"तुला बर्फ माहीत नाही."

तुझे फोटो वापरायला तू नाही म्हणालीस. मी आठवडाभर तुझ्याशी फक्त भांडी कोणी घासायची एवढंच बोलले. नंतर आपण बोलायला लागलो, त्या जूनमध्ये सगळ्यांबरोबर बर्फ बघायला डोंगरातही गेलो. आयुष्यात पहिल्यांदा खरा बर्फ हातात घेतलास आणि तोंड वाकडं केलंस. "हा नुसता पडलाय. वाहत नाही." आम्ही तुला बर्फात लोळवलं होतं, आठवतं? पण पोस्टरचा विषय दोघींनी काढला नाही. मला वाटत होतं वेळ आहे. पुढच्या निदर्शनांना पुन्हा भांडू.

पुढची निदर्शनं आली, आणि तू नव्हतीस. कॉनर म्हणाला, या वेळचं पोस्टर वैदेहीच्या नावाने करू. त्याचे डोळे लाल होते, त्यालाही तू हवी होतीस. वर तुझं नाव, खाली ते दोन फोटो. मे आणि ऑगस्ट. महिने न छापता. "ती आपल्यातलीच होती. तिला आवडलं असतं," तो म्हणाला.

"तिला आवडलं नसतं."

"पण आता..." तो थांबला. पण आता नाही म्हणायला ती कुठे आहे, असंच ना?

आणि खरं सांगू? मी हो म्हणाले. मांडणी मीच करायला घेतली, कारण ती मलाच येते. तुझं नाव टाइप केलं. मेचा फोटो डावीकडे, ऑगस्टचा उजवीकडे. जबरदस्त दिसत होतं. पांढराशुभ्र बर्फ, आणि शेजारी काळं पाणी. कुणीही थबकलं असतं. बाबांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, याला म्हणतात पत्रक. तू मला हे कधी करू दिलं नसतंस, आणि आता कुणी अडवणारं नव्हतं. मी उठले, फेऱ्या मारल्या, परत बसले. प्रिंटला पाठवायचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

त्याच दुपारी डोंबिवलीहून काकूंचा फोन आला. तुझ्या आईला रडताना मी ऐकलेलं नाही. त्या दिवशीही रडल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, लोक भेटायला येतात. विचारतात, काय शिकत होती तिकडे? मी सांगते, बर्फाचं काहीतरी. मला लाज वाटते गं. माझी मुलगी नेमकं काय करत होती, तू सांगशील का मला? साध्या भाषेत सांग."

मला काय सुचणार होतं? मी त्यांना तुझी माहेरची गोष्ट सांगितली. थंडीत पुढे येते, उन्हाळ्यात मागे जाते, काकू, आणि वैदेही ती येते-जाते त्याची रेषा काढायची. त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या असाव्यात, आवाज कोरडा होता. म्हणाल्या, "ह्या मेमध्ये येणार होती ती. तिकीट बघत होती." मग म्हणाल्या, "आणि ती परत येते ना? माहेराहून?"

"येते, काकू. पण दर वर्षी थोडी अलीकडेच थांबते."

"थोडी म्हणजे किती?"

मी लॅपटॉपकडे बघितलं. स्क्रीनवर मे आणि ऑगस्ट शेजारीशेजारी होते, केवढं तरी काळं पाणी. मी म्हणाले, "इतक्या वर्षांत मिळून, फोटोवर करंगळीच्या नखाएवढी."

"मग तेवढंसं तिला कसं दिसायचं?"

"ती बघत बसायची, काकू."

फोन ठेवला आणि मला तुझा असा संताप आला म्हणून सांगू. आता तुझ्या आईला एक सांगून गेटवर दुसरं कसं लावणार होते मी? तू जिवंत असतीस तर मी तुझ्याशी तोंडावर भांडले असते, तुला न विचारता तेच पोस्टर छापलं असतं, तू ते फाडलं असतंस, मी पुन्हा छापलं असतं. तो सरळ सामना झाला असता. पण जिला उत्तर देता येत नाही तिच्या नावावर तिने नाकारलेली गोष्ट छापायची? मालकांची माणसं असं करतात. संप मोडला की गेलेल्या पुढाऱ्याच्या तोंडी आपलंच वाक्य घालतात. आमच्या घरात याला एक शब्द होता, तो मी इथे लिहीत नाही.

मी मेचा फोटो काढून टाकला. ऑगस्ट आणि ऑगस्ट ठेवले. तू काढलेल्या दोन रेषा, एक पिवळी, एक लाल, जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या. खाली लिहिलं, 'एकच महिना. एकच हिमनदी. रेषा वैदेहीच्या.'

कॉनर बघतच राहिला. "यात काही दिसतच नाहीये, मेट."

"दिसतंय. जवळ जाऊन बघावं लागतं."

"गेटवर जवळ कोण जातं? हे तूच शिकवलंस आम्हाला!"

त्याचं बरोबर होतं. वैदेही, ऐकतेस ना? त्याचं बरोबर होतं. मला तुझं पटलेलं नाही. मी तुझ्या बाजूने उभी राहिले ते तुझं पटलं म्हणून नाही.

काल आम्ही धक्क्याच्या गेटबाहेर उभे होतो, बसस्टॉपच्या शेजारी. वारा एवढा की पोस्टर दोन हातांनी धरून ठेवावं लागत होतं. शिफ्ट सुटली. माणसं आली आणि गेली. एक नजर, आणि पुढे. मी म्हणाले होते तसंच. अगदी तसंच. मला ओरडून तुला सांगावंसं वाटत होतं, बघ, बघ तुझा तो खरेपणा, वाऱ्यावर फडफडतोय आणि कुणाला त्याचं काही नाही.

मग एक बाई थांबली. साधारण काकूंच्या वयाची, केशरी जाकीट, हातात डब्याची पिशवी. पोस्टरच्या अगदी जवळ आली. पिवळ्या रेषेवर बोट ठेवलं, मग लालवर.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

"मग बरंय की. मला वाटलं सगळंच वितळलं."

माझं डोकं फिरलं. त्या बाईवर नाही, तुझ्यावर. हेच होणार होतं! मी माझ्या तोडक्यामोडक्या, रागाने भरलेल्या इंग्रजीत तिला उंबरा सांगायला लागले. ती टेकून बसली आहे म्हणून हलत नाही. कड्यांवरचा पट्टा बघ. खालून खारं पाणी येतंय. मागे जमीन खाली उतरते, टेकायला काही नाही. ती ऐकत होती, बसच्या दिशेने मान वळवत, परत माझ्याकडे बघत.

"मग कधी सुटणार ती त्या उंबऱ्यावरून?"

गेटवर असा प्रश्न आला की उत्तर तयार असायला हवं. मी त्यातच वाढले. एक आकडा फेकायचा, ठणकावून, माणसाच्या डोळ्यात बघत. आकडा माझ्या जिभेवर होता. तिने काही तो तपासला नसता. कॉनर माझ्याकडे बघत होता, बोल, बोल.

"माहीत नाही," मी म्हणाले. "वैदेहीलाही माहीत नव्हतं."

कॉनरने मागे सुस्कारा सोडला. माझे कान तापले. बस आली, दार उघडलं, लोक चढायला लागले. मी पोस्टर गुंडाळायला घेतलं.

ती बाई गेली नाही, वैदेही. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "बरं. मग तिला काय माहीत होतं, ते सांग."